शंभरचं हृदय सत्तरवर कोण आणतं?

'व्हेगस नर्व्ह रीसेट करा' म्हणणाऱ्या रील्सचा सध्या सुळसुळाट आहे. व्हेगस म्हणजे मेंदूतून निघून हृदयापर्यंत पोचणारी, त्याचा वेग आवरणारी नस. कुणी मानेवर बर्फ ठेवायला सांगतं, कुणी गुणगुणायला. रीसेट करायचं म्हणजे नेमकं काय, ते मात्र कुणीच सांगत नाही.

मुळात मेंदू प्रत्येक ठोक्याचा हुकूम सोडत नाही. हृदयाच्या उजव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या कप्प्याच्या भिंतीत सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो, ठोका तिथे आपसूक उमटतो. मेंदूकडून येणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या, तरी तरुण माणसात तो मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देत राहतो. मग निवांत बसल्यावर नाडी सत्तर-बहात्तरच का? कारण व्हेगसने ब्रेक सतत थोडा दाबून धरलेला असतो. जिना चढायला लागलं की आधी हा ब्रेक सैल होतो, अड्रेनलिनची पाळी नंतर.

हे घडतं कसं, ते मला भारी आवडतं. 1921 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथले शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी बेडकाच्या धडधडत्या हृदयाच्या व्हेगसला विजेने डिवचलं, हृदय मंदावलं. त्या हृदयात भरलेलं मिठाचं द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातलं. त्याला कुणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं! म्हणजे नसेच्या टोकातून काहीतरी रसायन पाझरत होतं. ते असिटिलकोलीन निघालं आणि 1936 मध्ये लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

हे असिटिलकोलीन सायनस नोडच्या पेशीवरच्या एम-2 ग्राहीला, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनाला चिकटतं. आतल्या बाजूचं, निरोप पुढे नेणारं जी-प्रथिन दुभंगतं आणि त्याचा एक तुकडा शेजारचीच पोटॅशियमची वाट उघडतो. धनभारित पोटॅशियम बाहेर पडतं, पेशी आतून जास्त ऋण होते आणि पुढच्या ठोक्याच्या पातळीपर्यंत पोचायला तिला जास्त वेळ लागतो. मधे फारसे टप्पेच नाहीत, म्हणून परिणाम एक-दोन ठोक्यांत दिसतो. शिवाय एक विकर (एन्झाइम) असिटिलकोलीन लगेच तोडून टाकतं, त्यामुळे ब्रेक सुटतोही झटकन. वेग वाढवणाऱ्या अनुकंपी नसांचं काम मात्र सायक्लिक एएमपी नावाच्या निरोप्या रेणूच्या लांब साखळीतून चालतं, त्यांना काही सेकंद लागतात.

मनगटावर तीन बोटं ठेवून सावकाश खोल श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. तरुणांत हे ठळक जाणवतं. हा बिघाड नव्हे, व्हेगसची हालचाल आहे.

हृदय थांबवून दाखवणाऱ्या योग्यांच्या गोष्टी आपल्याकडे चवीने सांगतात. अशा काहींची तपासणी वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी 1961 मध्ये प्रसिद्ध केली. श्वास कोंडून छाती आवळल्यावर नाडी लागेनाशी झाली, पण ईसीजीवर हृदय चालूच होतं.

प्रत्यारोपण केलेल्या हृदयाला सुरुवातीला व्हेगस जोडलेलाच नसतो. त्यामुळे त्या रुग्णाची नाडी विश्रांतीतही नव्वद-शंभरच्या घरात असते. चालायला लागल्यावर ती लगेच वाढत नाही, रक्तातून अड्रेनलिन पोचेपर्यंत थांबते, आणि बसल्यावर उतरतेही हळूहळू. म्हणूनच या रुग्णांना व्यायाम सावकाश सुरू करायला आणि सावकाशच थांबवायला सांगतात.