स्पार्क प्लग : झीज व बदलण्याची वेळ

पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या एंजिनाच्या सिलिंडरमध्ये, दाबल्या गेलेल्या इंधन-हवा मिश्रणात उच्च व्होल्टेजची ठिणगी पाडणारा सुटा भाग. डिझेल एंजिनात मिश्रण दाबाच्या उष्णतेनेच पेट घेते. तेथील ‘हीटर प्लग’ हा वेगळा भाग असून त्याचा येथे विचार केलेला नाही. स्पार्क प्लग झिजतो, त्यामुळे ठरावीक काळाने तो बदलावा लागतो. तो नेमका केव्हा बदलावा, याबाबत उत्पादकाची पुस्तिका, गॅरेजमधील रूढी आणि काढलेल्या प्लगची प्रत्यक्ष अवस्था यांचा मेळ बसतोच असे नाही.

इतिहास : प्लगचा जनक कोण, याबद्दल एकमत नाही. काही संदर्भग्रंथ एडमंड बर्जे यांचे नाव व १८३९ हे साल देतात. पण त्या दाव्यामागे पेटंटचा आधार दाखवला जात नाही आणि चालू शकेल असे वायुएंजिनही तोवर बाजारात नव्हते, हे पाहता तो सावधपणेच घ्यावा लागतो. एत्येन लन्वार यांच्या १८६० च्या वायुएंजिनात चिनीमातीने निरोधित केलेला विद्युत प्रज्वलक होता, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या मोटारगाडीत बॅटरी, कॉइल (व्होल्टेज वाढवणारे वेटोळे) व प्लग वापरले. त्याच काळात गॉटलीब डाइमलर यांनी बाहेरून तापवलेल्या नळीने मिश्रण पेटवण्याची पद्धत पसंत केली होती. १८९८ हे वर्ष विशेष गर्दीचे. निकोला टेस्ला, फ्रेडरिक सिम्स व रॉबर्ट बॉश या तिघांच्याही विद्युत प्रज्वलनाच्या पेटंटांवर हेच साल आढळते. ऑलिव्हर लॉज यांचे प्रयोगही याच सुमाराचे. पुढे त्यांच्या मुलांनी प्लगनिर्मितीचा व्यवसाय उभारला. तरीही व्यवहारात टिकलेल्या प्लगचे श्रेय बॉश यांचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांच्याकडे जाते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९०२ मध्ये त्यांनी प्लगसोबत उच्च व्होल्टेजचा मॅग्नेटोही (ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे, एंजिनावर फिरणारे छोटे यंत्र) दिला. त्याआधी प्रचलित असलेल्या कमी व्होल्टेजच्या मॅग्नेटोत सिलिंडरच्या आतील हलते संपर्कबिंदू विलग करून ठिणगी पाडावी लागे आणि एंजिनाच्या वेगाला त्यामुळे मर्यादा येई.

उष्णतांक : ज्वलनकक्षातील उष्णता प्लग किती वेगाने सिलिंडर हेडकडे वाहून नेतो, त्यावर त्याचा ‘गरम’ वा ‘थंड’ प्रकार ठरतो. निरोधकाचे (मधल्या इलेक्ट्रोडभोवतीच्या, वीज अडवणाऱ्या पांढऱ्या आवरणाचे) टोक सुमारे ४५०° ते ५००° से. च्या वर राहिले तर त्यावरील काजळी आपोआप जळून जाते. ते ८००° से. च्या बरेच पुढे गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेटण्याचा धोका असतो. प्लगवरील आकडा वाचताना मोठा घोटाळा होतो, कारण सर्व उत्पादकांची दिशा एक नाही. एनजीके व डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश व चॅम्पियन यांच्यात आकडा वाढला की गरम. त्यातही बॉशच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे भारतात ‘मायको’ नावाने विकल्या गेलेल्या प्लगांवर दिसणाऱ्या डब्ल्यू १७५, डब्ल्यू २२५ अशा क्रमांकांत, दिशा उलटी होती. जुना १७५ म्हणजे साधारण नवा ७ व जुना २२५ म्हणजे नवा ५. म्हणून एका कंपनीचा प्लग काढून दुसरीचा बसवताना आकड्यावर अंदाज बांधू नये, तुलनातक्ता पाहावा.

झीज : चार-स्ट्रोक एंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांमागे एक ठिणगी पडते. ताशी ६० किमी. वेगाने जाताना एंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लग दर किलोमीटरला १,००० ठिणग्या पाडतो, ३०,००० किमी. ला ३ कोटी. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म अंश उडवते, इलेक्ट्रोडच्या (ज्यांच्यामध्ये ठिणगी पडते त्या धातूच्या टोकांच्या) धारदार कडा गोलसर होतात आणि गॅप (दोन इलेक्ट्रोडमधले अंतर, सामान्यतः ०.७ ते १.१ मिमी.) वाढत जातो. गॅप वाढला की ठिणगीसाठी लागणारे व्होल्टेज वाढते आणि बोथट कडेवरून ठिणगी सुटायला ते आणखी जास्त लागते. हा ताण शेवटी कॉइलवर येतो.

टिकाऊपणा मुख्यतः धातूवर अवलंबून असतो. निकेलचा वितळबिंदू १,४५५° से., प्लॅटिनमचा १,७६८° से. तर इरिडियमचा सुमारे २,४४६° से. आहे. साध्या निकेल प्लगसाठी बहुधा २०,००० ते ४०,००० किमी., तर प्लॅटिनम वा इरिडियमसाठी १,००,००० किमी. पर्यंतची मुदत सांगितली जाते. गाडीच्या पुस्तिकेतील आकडा यापेक्षा वेगळा असेल, तर तोच ग्राह्य. जुन्या काही गाड्यांत एक कॉइल दोन प्लगांना वीज पुरवते. अशा जोडीतील एका प्लगमध्ये ठिणगी उलट दिशेने जाते आणि झीज बाहेरच्या वाकड्या इलेक्ट्रोडवर पडते. फक्त मधल्या टोकाला प्लॅटिनम असलेला प्लग तेथे पूर्ण मुदत काढत नाही. होंडा सिटीच्या २००३ साली भारतात आलेल्या आय-डीएसआय एंजिनात चार सिलिंडरना आठ प्लग आहेत, त्यामुळे बाजारात मिळणारा चार नगांचा संच तेथे अपुरा पडतो.

लक्षणे : सकाळी जास्त वेळ सेल मारावा लागणे, आयडलिंगला थरथर, चढावर किंवा ओव्हरटेक करताना झटके, पिकअप व अॅव्हरेज कमी होणे ही परिचित लक्षणे. ती फ्युएल फिल्टर, इंजेक्टर वा कॉइलच्या दोषातही दिसतात. ओबीडी (स्वतःचे दोष नोंदवणारी संगणक प्रणाली) असलेल्या गाडीत पी०३०० हा संकेत अनियमित मिसफायर (मिश्रण न पेटणे), तर पी०३०१ पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर दाखवतो. दोष प्लगचाच आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही. शेजारच्या सिलिंडरशी कॉइलची अदलाबदल केल्यावर संकेतही सरकला, तर दोष कॉइलचा धरतात. लक्षणे दिसेपर्यंत थांबावे, असे मानणारा एक वर्ग आहे. परंतु मिसफायरमध्ये न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील घातक वायू कमी करणाऱ्या भागात) जाऊन पेटते व प्लगच्या कितीतरी पट महाग असलेला तो भाग निकामी होऊ शकतो. हे लक्षात घेता मुदतीवर बदलणेच श्रेयस्कर.

काढलेल्या प्लगच्या टोकावर फिकट तपकिरी रंग हा सुस्थितीचा मानतात. कोरडी काळी काजळी जास्त इंधन किंवा सतत थोड्या अंतराच्या फेऱ्या सुचवते. तेलकट काळा थर झिजलेल्या रिंगा वा व्हॉल्व्ह सील, तर पांढरे, फोड आलेले टोक अतिउष्णता दर्शवते. ही रंगपरीक्षा मुळात कार्ब्युरेटर व शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. आजच्या इंजेक्शन एंजिनात रंग साजरा दिसूनही गॅप वाढलेला असू शकतो, म्हणून फीलर गेजला (गॅप मोजण्याच्या पातळ पट्ट्यांना) अधिक महत्त्व द्यावे. पांढऱ्या निरोधकावर, धातूच्या कवचालगत बाहेरून दिसणारे तपकिरी कडे पाहून ‘प्लग लीक आहे’ असे निदान वारंवार केले जाते. ते उच्च व्होल्टेजमुळे तेलाचे कण चिकटून पडलेले डाग असतात आणि निरुपद्रवी असतात. प्लगच्या विहिरीत (प्लग बसतो त्या खोल खड्ड्यात) साचलेले तेल बहुधा टॅपेट कव्हरच्या सीलमधून आलेले असते.

सीएनजी : या वायूच्या मिश्रणातून ठिणगी पार होण्यास पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. मुंबई-पुण्याच्या टॅक्सी-रिक्षांच्या गॅरेजांत ‘गॅसवर मिसिंग, पेट्रोलवर ठीक’ ही तक्रार नेहमीची आहे आणि प्रथम प्लगच पाहिले जातात. अशा गाड्यांत मुदत कमी धरावी. गॅपही काही उत्पादक थोडा कमी ठेवायला सांगतात.

बसवणे : एंजिन थंड असावे. विहिरीतील धूळ आधी हवेने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आटे सहज जातात, म्हणून प्लग हाताने पूर्ण बसेपर्यंत पाना लावू नये. वॉशर असलेला नवा १४ मिमी. प्लग त्यानंतर साधारण अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळतात. पॉलिश पेपरने टोक घासण्याची, स्कूटरच्या दिवसांतली सवय इरिडियम प्लगला घातक ठरते. त्यांचे बारीक टोक दुखावते, शिवाय गॅप कारखान्यातच लावलेला असतो. संच एकाच वेळी बदलावा.