फॉल ट्रान्झिशन: जलाशयातली शरदातली बास मासेमारी

उन्हाळा संपलाय आणि हिवाळा अजून लागला नाही, अशा मधल्या दिवसांत अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या धरणांच्या जलाशयांत बास मासा जागा बदलतो, त्या काळाला तिथले गळवाले फॉल ट्रान्झिशन म्हणतात. ढोबळमानाने सप्टेंबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर. पण कॅलेंडरपेक्षा थर्मामीटर बघितलेला बरा, वरचं पाणी साधारण २७ अंश सेल्सिअसवरून १३-१४ पर्यंत उतरतं तेवढा हा काळ धरावा.

इथे बास म्हणजे लार्जमाउथ बास. आपल्याकडे हॉटेलच्या मेन्यूत जिताड्याला सीबास लिहितात त्याचा याच्याशी काही संबंध नाही, जिताडा लॅटिडी कुळातला आणि हा सेंट्रार्किडी म्हणजे सनफिशच्या कुळातला, मूळचा गोड्या पाण्यातला. नावाचा घोळ मात्र जुना आहे. फ्रेंच अभ्यासक लासेपेदने १८०२ मध्ये मायक्रोप्टेरस ही प्रजाती ठरवली, अर्थ छोटा पर, पण त्याच्यासमोरच्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता असं आता मानतात, म्हणजे एका जखमी माशावरून सगळ्या गोतावळ्याला नाव पडलं. लार्जमाउथला कितीतरी वर्षं मायक्रोप्टेरस साल्मॉइडिस म्हणत, पण २०२२ च्या जनुकीय अभ्यासात ते नाव खरं तर फ्लोरिडा बासचं आणि लार्जमाउथला निग्रिकन्स म्हणावं असं मांडलं गेलं. मत्स्यशास्त्राच्या नव्या याद्यांत हेच येतंय, जुन्या पुस्तकांत अर्थातच साल्मॉइडिस सापडेल.

आता टर्नओव्हर, म्हणजे जलाशयाच्या पाण्याच्या थरांची उलथापालथ. शरदात मासे गळाला लागले नाहीत की दोष हमखास यालाच. उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या पाण्याचे थर होतात, वर गरम हलकं, खाली थंड जड, मध्ये थर्मोक्लाईन, म्हणजे तापमान झपाट्याने बदलणारा पट्टा. खालच्या थराला हवा मिळत नाही, तिथला ऑक्सिजन संपत जातो, हायड्रोजन सल्फाइड, लोह, मँगनीज साठतं. रात्री गार व्हायला लागल्या की वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, थर्मोक्लाईन खोल खोल सरकते आणि शेवटी सगळं पाणी एक होतं, कधी कधी सडक्या अंड्याचा वास येतो आणि पाणी गढूळ दिसतं. पाणी ४ अंशांना सर्वात जड असतं, त्यामुळे उत्तरेकडच्या गोठणाऱ्या तलावांत ही उलथापालथ वर्षातून दोनदा होते, पण दक्षिणेत पाणी सहसा तितकं गार होतच नाही, तिथे एकदा मिसळलं की हिवाळाभर मिसळलेलंच राहतं. जॉर्जियातल्या लेनियर जलाशयासारख्या खोल ठिकाणी हे ठळक दिसतं. एका रात्रीत तळ वर येतो ही समजूत मात्र पटत नाही, हे काम आठवडेच्या आठवडे चालतं. शिवाय टेनेसी नदीच्या मुख्य पात्रावरच्या, सतत वाहत्या उथळ जलाशयांत थर मुळात कच्चेच असतात, तिथे टर्नओव्हरच्या नावाने बोटं मोडण्यात फारसा अर्थ नाही.

जास्त वजन शॅडच्या बाजूला द्यावं लागतं. शॅड म्हणजे थव्याने फिरणारे छोटे मासे, त्यातले थ्रेडफिन आणि गिझर्ड शॅड हे बासचं मुख्य खाणं. पाणी गार होत गेलं की शॅडचे थवे मुख्य पात्रातून ओढ्यांच्या फाट्यांत, फुगवट्याच्या टोकाकडे सरकतात आणि बास त्यांच्या मागे. का सरकतात यावर मतं वेगळी आहेत, कुणी तापमान म्हणतं, कुणी प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कुणी ऑक्सिजन, बहुधा तिन्ही थोडंथोडं. बासला रेडिओ ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासांत माशागणिक वागणं वेगळं दिसतं, काही लांब जातात, काही आपला कोपरा सोडत नाहीत, म्हणजे सगळा जलाशय फाट्यात शिरतो असं समजू नये. थ्रेडफिन थंडीला फार कच्चा, पाणी ५ ते ७ अंशांच्या आसपास गेलं की मरायला लागतो, आणि हा सगळा हंगाम तिथे संपल्यातच जमा होतो.

आमिषं नेहमीचीच: फिरत्या पात्याचं स्पिनरबेट, ओढलं की बुडून थरथरत पोहणारं क्रँकबेट, पाण्यावर खळखळणारं बझबेट, गवताच्या थरावरून ओढायचा रबरी बेडूक.

या हंगामाचं ठरलेलं उदाहरण अलाबामा राज्यातल्या गंटर्सव्हिल जलाशयाचं. टेनेसी व्हॅली अथॉरिटी (टीव्हीए) या सरकारी संस्थेचं हे धरण १९३९ मध्ये पूर्ण झालं, जलाशय सुमारे ६९,००० एकर. उपनद्यांवरच्या टीव्हीएच्या धरणांत पुरासाठी जागा करायला शरदात पाणी बरंच खाली आणतात, तिथे काठ उघडे पडतात आणि बासला हलावंच लागतं. गंटर्सव्हिलमध्ये ही घट थोडीच, म्हणून हायड्रिला आणि मिलफॉइलचं गवत टिकतं आणि बेडूक चालतो.

ऑक्टोबर २०११ मध्ये इथेच पॉल इलायस या स्पर्धेतल्या गळवाल्याने अलाबामा रिग वापरून एकूण १०२ पौंड ८ औंसांचे बास पकडले आणि स्पर्धा जिंकली. एका डोक्याला पाच तारा, प्रत्येक तारेला एक आमिष, म्हणजे ओढताना शॅडचा छोटा थवाच. हे रिग अँडी पॉसने बनवलेलं, त्या स्पर्धेनंतर दुकानांतून उडालं. लगेच वादही झाला, बासच्या स्पर्धा भरवणाऱ्या बी.ए.एस.एस. संस्थेने २०१२ मध्ये एलिट सिरीज आणि क्लासिक या आपल्या वरच्या स्पर्धांमधून ते काढून टाकलं. अलाबामात या रिगवर पाच गळ चालायचे तेव्हा शेजारच्या टेनेसीने तीनच ठेवले, आणि गंटर्सव्हिलचं वरचं टोक टेनेसीत जातं, म्हणजे एकाच जलाशयात दोन नियम.