खणाची हँडबॅग घरी शिवताना

आमच्याकडून खणाचा संच नेलात, आता कात्री हातात घेण्याआधी एवढं वाचा.

हा खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. चोळीसाठी विणलेलं कापड, त्यामुळे पन्हा लहान, अंगाला हलकं आणि कापलं की दशा लगेच सुटतात. बॅगेला मात्र वजन पेलायचं असतं. म्हणून खण कापण्याआधी त्याला उलट बाजूने फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणारं अस्तर, चिकटवा. आधी कापून मग चिकटवायला गेलात तर कडा उसवून माप अर्धा इंच तरी कमी भरतं. इस्त्री फिरवू नका. उचलून ठेवा, 10-12 सेकंद दाबा, पुन्हा उचला. आधी एका चिंधीवर करून बघा, कारण काही खणांत कृत्रिम धागा असतो आणि तो जास्त तापमानाला आकसतो.

खणाचे आणि अस्तराचे प्रत्येकी दोन तुकडे: 15 इंच रुंद, 14 इंच उंच. खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून 2 इंचांचे चौकोन कापून टाका. बाजू आणि तळ शिवून, मग कापलेले कोपरे उघडून आडवे शिवले, सगळीकडे अर्ध्या इंचाची शिवण धरली, की तळ 10 बाय 4 इंच आणि उंची 11 इंच होते. डबा, पाण्याची बाटली आणि छत्री आरामात मावते. बुट्टी समोरासमोर आल्या पाहिजेत, त्यासाठी पहिला तुकडा दुसऱ्यावर सुलट ठेवूनच खूण करा. काठ फेकू नका. वरच्या कडेला पट्टी म्हणून तो सुंदर दिसतो.

आता बंद. आमच्या पहिल्या बॅगेचा बंद भाजी आणताना बसमध्ये सुटला, तेव्हापासून आम्ही इथे तडजोड करत नाही. बंदाच्या आत नेवार पट्टी, म्हणजे जाड विणीची मजबूत फीत, घाला. त्याचं टोक नुसतं वरच्या शिवणीत दाबू नका, बॅगेच्या अंगावर 3 इंच खाली आणा, टोक आत दुमडा, चौकोन शिवून त्यात फुली मारा, आणि मागे कॅनव्हासचा तुकडा ठेवा. चौकोन वरच्या कडेच्या 1 इंच आधीच थांबवा, नाहीतर अस्तर जोडताना बंद त्यात अडकतो.

सुई 16 नंबरची, टाका 3 ते 3.5 मिलिमीटर. जाड थरावर मोटर न चालवता चाक हाताने फिरवा, सुई मोडत नाही.

मॅग्नेट बटण अस्तराला आधीच लावून घ्या. अस्तराच्या तळात 5 इंच जागा न शिवता सोडा. खणाची बॅग सुलट करून उलट्या अस्तराच्या आत घाला, सुलट बाजू एकमेकींना लागतील अशी; वरची कड गोल शिवा आणि त्या फटीतून सगळं बाहेर ओढा. फट हाताने टिपून टाका.

घरी ओटीत आलेले खण साठले असतील तर तेही वापरा. रंग जातो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने आधी घासून बघा. तयार बॅग वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका, फ्यूजिंग सुटून फुगे येतात. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा.

तुमच्या मशीनला बंदाची शिवण झेपली नाही तर बॅग दुकानात घेऊन या. तेवढी शिवण आम्ही मोफत मारून देतो.