खासगी इक्विटी अधिग्रहणानंतरची नोकरी

मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून फंड उभारायचा, त्यातून कंपनी विकत घ्यायची आणि साधारण तीन ते सात वर्षांत ती चढ्या भावाने विकून बाहेर पडायचे, हा खासगी इक्विटीचा धंदा. अशा कंपनीतला कर्मचारी कागदोपत्री तिथेच असतो. विकले जातात ते शेअर. कंपनी तीच राहते, त्यामुळे भारतात नियुक्तिपत्र, पीएफ आणि ग्रॅच्युइटीसाठी धरली जाणारी सेवा यांत खंड पडत नाही.

फरक जाणवतो तो रोजच्या कामात. पहिल्या शंभर दिवसांचा आराखडा येतो, वित्तप्रमुख अनेकदा बदलतो, नवी भरती थांबते आणि सोडून गेलेल्याचे काम उरलेल्यांत वाटले जाते. महिनाअखेरचे आकडे लवकर मागितले जातात. वरच्या फळीला पुढच्या विक्रीतला वाटा देऊ केलेला असतो. खालच्यांना तो क्वचितच मिळतो.

तरीही नोकरीचे भवितव्य मालकाच्या स्वभावापेक्षा कंपनी विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज कोणाच्या डोक्यावर बसले यावर जास्त ठरते. अमेरिकेत ते बहुधा विकत घेतलेल्या कंपनीच्याच माथी मारले जाते. ‘टॉइज आर अस’ ही खेळण्यांची साखळी 2005 मध्ये केकेआर आणि बेन कॅपिटल या खासगी इक्विटी कंपन्या आणि व्होर्नाडो ही स्थावर मालमत्ता कंपनी यांनी 6.6 अब्ज डॉलरना घेतली. सुमारे पाच अब्जांच्या कर्जावर वर्षाला 40 कोटी डॉलरच्या घरात व्याज जाऊ लागले. दुकाने सुधारायला पैसा उरेना. ऑनलाइन स्पर्धेने उरलेले काम केले. 2017 मध्ये दिवाळखोरी, 2018 मध्ये अमेरिकेतली दुकाने बंद आणि तीस हजारांहून अधिक लोक भरपाईविना घरी. त्यांनी आंदोलन केल्यावर केकेआर आणि बेनने दोन कोटी डॉलरचा मदतनिधी काढला. माणशी हिशेब केला तर तो सातशे डॉलरही भरत नाही.

सगळीकडे असेच होते असे मात्र नाही. अमेरिकेतल्या 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात, शेअर बाजारातून उचललेल्या कंपन्यांत दोन वर्षांत रोजगार तशाच इतर कंपन्यांच्या तुलनेत 13 टक्के घटला, तर आधीपासून खासगी असलेल्यांत तेवढाच वाढला. दरवाजे बनवणाऱ्या सी.एच.आय. कंपनीत केकेआरने सर्व आठशे कामगारांना हिस्सा दिला. 2022 च्या विक्रीत तासावारी कामगारांना सरासरी 1,75,000 डॉलर मिळाले. हा अपवादच म्हणायचा.

भारतात कर्जाची बाजू वेगळी आहे. शेअरखरेदीसाठी कर्ज देण्यावर बँकांना दीर्घकाळ बंधने होती आणि 2013 च्या कंपनी कायद्याचे कलम 67 सार्वजनिक कंपनीला स्वतःचे शेअर घेणाऱ्यास अर्थसाहाय्य करू देत नाही. त्यामुळे इथल्या कर्मचाऱ्याला व्याजापेक्षा मालकांची ये-जा अधिक सोसावी लागते. नवी मुंबईची हेक्सावेअर ही आयटी कंपनी 2013 मध्ये बेअरिंग एशिया या खासगी इक्विटी कंपनीकडे गेली, 2020 मध्ये शेअर बाजारातून उतरली, 2021 मध्ये कार्लाइल या दुसऱ्या खासगी इक्विटी कंपनीकडे आली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये पुन्हा बाजारात नोंदली गेली. 8,750 कोटी रुपयांचा तो इश्यू सगळाच्या सगळा कार्लाइलच्या शेअरविक्रीचा होता; कंपनीत त्यातला पैसा आला नाही.