पृथ्वीराज चव्हाण : संसदीय कारकीर्द

चव्हाण, पृथ्वीराज दाजीसाहेब (१७ मार्च १९४६ – ). काँग्रेसचे नेते, माजी केंद्रीय राज्यमंत्री आणि महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री. जन्म इंदूरचा.

वडील दाजीसाहेब १९५७ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे लोकसभेवर गेले. पुढे काँग्रेसमध्ये येऊन ते नेहरू, शास्त्री आणि इंदिरा गांधी यांच्या सरकारांत मंत्री झाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कराड लोकसभा मतदारसंघाची धुरा आई प्रेमलाकाकींनी उचलली. काँग्रेसच्या १९७८ च्या फुटीत त्या इंदिरा गांधींच्या बाजूने उभ्या राहिल्या, तेव्हा कराडचेच यशवंतराव चव्हाण दुसऱ्या गटात होते. आडनाव आणि गाव एकच असल्याने ही दोन घराणी अनेकदा एकच समजली जातात. ती वेगळी आहेत.

पृथ्वीराज पिलानी आणि बर्कले येथे शिकलेले अभियंता. १९९१, १९९६ आणि १९९८ मध्ये ते कराडचे खासदार झाले. १९९९ मध्ये राष्ट्रवादीच्या श्रीनिवास पाटलांनी त्यांचा पराभव केला. २००२ मध्ये ते राज्यसभेवर गेले.

मतदारसंघ त्यांना घरातून मिळाला, तरी २००४ ते २०१० या काळातील पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्रिपद हीच त्यांची खरी कमाई म्हणावी लागेल. पंतप्रधानांकडे असलेल्या खात्यांची उत्तरे सभागृहात बहुधा या राज्यमंत्र्यालाच द्यावी लागतात. अणुअपघातातील नुकसानीची भरपाई कोणी द्यायची हे ठरवणारे अणुदुर्घटना नागरी दायित्व विधेयक मे २०१० मध्ये त्यांनीच लोकसभेत मांडले. जूनमध्ये भोपाळ वायुदुर्घटनेच्या खटल्याचा निकाल लागला आणि भरपाईचा प्रश्न पेटला. अणुभट्टी चालवणाऱ्याच्या दायित्वाची मर्यादा ५०० कोटींवरून १,५०० कोटी रुपयांवर गेली. सदोष सामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडून वसुली करण्याच्या कलमात नुकसानीचा ‘हेतू’ सिद्ध करण्याची अट नको, यावर विरोधक अडून बसले. अखेर तो शब्द गळला आणि २५ ऑगस्टला लोकसभेने विधेयक संमत केले. एका शब्दावरून कायद्याचा अर्थ कसा पालटतो, हे समजून घ्यायला ती चर्चा मुळातून वाचावी.

मुंबईतील आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या गैरव्यवहार प्रकरणात तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांनी राजीनामा दिल्यावर ११ नोव्हेंबर २०१० रोजी पृथ्वीराज मुख्यमंत्री झाले. राष्ट्रवादीने पाठिंबा काढल्यावर सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांनी पद सोडले.

कराड हा लोकसभा मतदारसंघ दरम्यान २००८ च्या पुनर्रचनेत संपला. कराड आणि पाटण साताऱ्याला जोडले गेले. पृथ्वीराज २०१४ आणि २०१९ मध्ये कराड दक्षिणमधून विधानसभेवर निवडून आले. २०२४ मध्ये भाजपच्या अतुल भोसले यांनी ती जागा जिंकली.