१० दिवस बसलं की गोळ्या सुटतात?

नाशकात वर्षानुवर्षं ऐकतेय: ‘इगतपुरीला विपश्यना शिबिरात १० दिवस बसून ये, डिप्रेशनच्या गोळ्या सुटतील.’ हे खरं नाही. विपश्यना ही बुद्धाच्या शिकवणीतली ध्यानपद्धत; ती औषधांना किंवा मानसोपचाराला पर्याय नाही, गंभीर मानसिक आजारात हे शिबिर योग्य नाही, असं शिबिराच्या नियमावलीतच म्हटलंय. १० दिवसांचं शिबिर, जवळपास शेवटपर्यंत मौन, रोज जवळपास १० तास ध्यान. खचलेल्या मनाला हे झेपेलच असं नाही.

बुद्धाच्या शिकवणीचा उपचारात उपयोग मात्र नक्की आहे. सजगता (मनात आत्ता जे चाललंय त्याकडे शांतपणे लक्ष देणं) आणि विचारांवर काम करणारा मानसोपचार यांची सांगड घातलेला ८ आठवड्यांचा कार्यक्रम नैराश्य परत येऊ नये म्हणून वापरतात. ‘मी निकामी आहे’ हा विचार आला की तो फक्त विचार म्हणून पाहायचा. त्यातही गोळ्या बंद करायच्या की नाही, हे डॉक्टरच ठरवतात.