व्हँडरबिल्ट एसईसीत उपरं नाही

‘नॅशव्हिलचं व्हँडरबिल्ट विद्यापीठ साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एसईसी या अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेत, नुसतं संख्या भरायला आहे,’ हा समज जुना आहे. खरं तर 1932 साली ही कॉन्फरन्स उभी करणाऱ्या 13 संस्थांपैकी ते एक. सुवानी 1940 मध्ये, जॉर्जिया टेक 1964 मध्ये, तुलेन 1966 मध्ये बाहेर पडलं; व्हँडरबिल्ट राहिलं. आज 16 सदस्यांत खासगी तेवढं एकच, म्हणून ते वेगळं दिसतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये एसईसी विजेतेपद एकदाही नाही, हे मात्र खरं. पण सदस्यत्व एका खेळापुरतं नसतं. बेसबॉलमध्ये त्यांनी 2014 आणि 2019 अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलीत. आणि ऑक्टोबर 2024 मध्ये फुटबॉलमध्येच पहिल्या क्रमांकाच्या अलाबामा विद्यापीठाला 40-35 असं लोळवलं!